हाक मारा, मग गप्प राहा: हरवलेल्या मुलाच्या शोधात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

माझा पहिला शोध आरेतल्या एका पाड्यावरचा. ऑगस्ट महिना, संध्याकाळचे साडेसात, पाऊस नुकताच उघडलेला. चार वर्षांचा मुलगा पाच वाजल्यापासून दिसत नव्हता. गोरेगावहून आम्ही सात-आठ ट्रेकवाली मंडळी पोहोचलो तेव्हा साठेक माणसं आधीच रान तुडवत होती. ज्याच्या हातात टॉर्च, तो पुढारी. सगळे एकाच वेळी त्याच्या नावाने ओरडत होते, त्यामुळे त्याने उत्तर दिलं असतं तरी कुणाला ऐकू आलं नसतं. रात्री पावणेबाराला पोरगा सापडला. घरापासून ऐंशी पावलांवर, तबेल्यात, पेंढ्याच्या गंजीमागे गाढ झोपलेला. त्या तबेल्यात मी स्वतः दोनदा डोकावलो होतो. दारातून टॉर्च फिरवला, हाक मारली, ओ आली नाही, पुढे निघालो.

लहान मूल ओ देत नाही. ते झोपलेलं असतं, नाहीतर घाबरलेलं असतं. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, हे त्याला आपणच शिकवलेलं असतं. आणि साठ माणसं अंधारात टॉर्च घेऊन आपल्या नावाने ओरडत येताना दिसली तर मोठा माणूसही लपेल. तेव्हा शोधाला जाताना एक गोष्ट धरून चला. मूल तुम्हाला सापडणार नाही, तुम्हाला ते शोधावं लागेल. या दोन्हींत फरक आहे.

मुंबईत कसलं आलंय खेडं, असं वाटत असेल तर एकदा आरेत, गोराई-मनोरीत किंवा राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर जाऊन या. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, त्याला लागून आरेची सुमारे तेराशे हेक्टर जमीन. नाले, तबेले, गवत, घाणेरीची जाळी, आणि रस्त्यावरचा दिवा सोडून पन्नास पावलं आत गेलं की फोनची रेंज गुल. शहराच्या पोटातलं गाव आहे ते, आणि तिथे मूल हरवलं की शोध गावासारखाच घ्यावा लागतो.

आधी फोन

तुम्ही पोहोचलात की पहिला प्रश्न हा विचारा: पोलिसांना कळवलंय का? अर्ध्या वेळा उत्तर येतं, "आधी आपण बघू, मग कळवू." नाही. ११२ लावा आणि त्याच वेळी एका जाणत्या माणसाला घरच्यांबरोबर ठाण्यात पाठवा.

चोवीस तास उलटल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, हा समज पाड्यांवरच काय, टॉवरमध्येही घट्ट आहे. असा नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या आदेशानुसार मूल बेपत्ता असल्याची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवायची आणि दुसरं काही निघेपर्यंत ते अपहरण किंवा तस्करी आहे असं धरूनच तपास करायचा. म्हणून कागदावर अपहरणाचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १३७ (२), दिसलं की घरच्यांनी हबकून जायचं कारण नाही. ते तसंच लागतं. हद्दीचा वाद निघाला तर "झिरो एफआयआर घ्या" एवढंच शांतपणे म्हणायचं. कुठल्याही ठाण्यात ती नोंदवता येते. मला एका ठाण्यात "सकाळपर्यंत वाट बघा, येईल" असं ऐकावं लागलंय. तिथे भांडून काही होत नाही. ११२ ला केलेल्या फोनची वेळ सांगितली आणि आदेशाची तारीख सांगितली, की बहुतेक वेळा वही उघडते.

बाकीचे नंबर लगेच लिहून घ्या. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, वनविभाग १९२६, अग्निशमन १०१, पालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, रुग्णवाहिका १०८, रेल्वे १३९. रेल्वे कशाला? कारण मुंबईत सात-आठ वर्षांपुढचं मूल हरवलं की ते रानात असेल तितकंच लोकलमध्येही असू शकतं. एक जण स्टेशनवर पाठवा, रेल्वे पोलिसांकडे फोटो द्या. रान आणि रूळ, दोन्हीकडे एकाच वेळी.

घर पुन्हा शोधा

"घरात नाहीये हो, सगळं बघितलं!" असं आई सांगेल. तिच्यावर विश्वास ठेवा आणि तरी पुन्हा शोधा. तिने बघितलं ते घाबरलेल्या डोळ्यांनी. घरच्या नसलेल्या दोन माणसांनी परवानगी घेऊन सावकाश फिरावं. गाद्यांची चळत, कपाट, पोटमाळा, पाण्याचा ड्रम, मोरी, पलंगाखालच्या ट्रंकांमागची जागा, दाराशी उभी रिक्षा, शेजारची टेम्पोची ताडपत्री. बंद पडलेल्या गाड्यांचे दरवाजे ओढून बघा. आत शिरलेल्या मुलाला ते आतून उघडता येत नाहीत आणि उन्हात अशी गाडी भट्टी होते. शेजारची घरं, बालवाडी, देऊळ, सार्वजनिक शौचालय, तबेला. आत शिरायचं, वाकायचं, वस्तू हलवायच्या, हात घालून बघायचं. डोकावणं म्हणजे शोधणं नव्हे, हे मी पेंढ्याच्या गंजीकडून शिकलो.

दरम्यान घराचा एक कोपरा कुणालाही हात लावू देऊ नका, मुलाचे कपडे जिथे आहेत तो. पोलिसांचं श्वानपथक आलं तर त्यांना मुलाचा अंगावरचा, न धुतलेला कपडा लागतो. तो घरच्यांनीही हाताळू नये. स्वच्छ पिशवी हातावर उलटी घालून कपडा उचलायचा आणि पिशवी सुलटी करून तोंड बांधायचं. मूल शेवटचं जिथे दिसलं तिथेही गर्दी नको. साठ जणांच्या चपलांनी तो वास आणि पावलांचे ठसे, दोन्ही पुसले जातात.

आईशी बोलायचं कसं

एकच माणूस बोलेल, शक्यतो बाई. खाली बसून. "ताई, काय झालं?" असं विचारलंत तर सगळी कहाणी रडत पहिल्यापासून सुरू होते. त्याऐवजी बारीक, उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा. शेवटचं कुणी पाहिलं? तेव्हा टीव्हीवर काय चाललं होतं? (वेळ अशी नक्की होते. "पाच वाजता" म्हणजे कधी साडेचारही असतं.) अंगावर काय आहे, पायात काय आहे, अनवाणी आहे का? सर्दी, दमा, फिट, चष्मा? जेवला होता का? आज कुणी रागावलं, मारलं? याचं उत्तर आईला लोकांसमोर देता येत नाही, म्हणून बाजूला नेऊन विचारायचं. घरात त्याला काय म्हणतात? शाळेतलं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं असतं. रानात हाक मारायची ती घरातल्या नावाने.

आणि वय. वयावरून शोधाची दिशा ठरते.

दोन-तीन वर्षांच्या पोराला आपण हरवलोय हेच कळत नसतं. कोंबडीमागे, मांजरामागे, पाण्याकडे, जिकडे मन ओढेल तिकडे ते जातं आणि थकलं की जिथे शिरता येईल तिथे शिरून झोपतं. ते फार लांब गेलेलं नसतं, पण दिसत नाही. चार ते सहा वर्षांच्याला हरवल्याचं कळतं. ते परत यायला बघतं, चुकीची वाट धरतं, आणि अंधार पडला की दडून बसतं. सात ते बाराची गोष्ट वेगळी. ही मुलं मळलेल्या वाटेने भराभर लांब जातात आणि पुष्कळदा हाक ऐकूनही मुद्दाम गप्प राहतात, कारण घरी मार बसेल ही भीती रानापेक्षा मोठी असते. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल असेल तर आधी पाणी बघा. पाण्याची ओढ अशा अनेक मुलांना असते, आणि हाकेला उत्तर देणं हे त्यांच्या स्वभावात नसू शकतं. त्याला काय आवडतं, कशाच्या आवाजाने तो कान टवकारतो, हे आईलाच विचारा.

पाणी पहिलं

रान नंतर बघता येईल, पाणी नाही. पाण्यात गेलेल्या मुलाकडे मिनिटं असतात. म्हणून घर शोधायला दोघं घातलीत की त्याच वेळी चौघांना पाण्याच्या जागांवर पाठवा. विहीर, तबेल्यातलं टाकं, शेणाचा खड्डा, नाल्याचा डोह, खदानीतलं साचलेलं पाणी, बांधकामावरचा टँक, उघडं गटार. काठावरचा चिखल आधी बघा. घसरल्याची खूण, चपला, खेळणं.

पोहता येतं म्हणून उडी मारू नका. पावसाळ्यातला नाला आणि तुमचा तरणतलाव यांचा संबंध नाही. दोर, बांबू, रिकामा कॅन फेका आणि १०१ ला कळवा. पवईच्या तलावात मगरी आहेत, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

आजीला विचारा

आम्ही शहरातली मंडळी नकाशा उघडून बसतो. एकदा मेमध्ये मी असाच फोनवर उपग्रहाचा फोटो मोठा करून वर्तुळं काढत होतो. ओट्यावर बसलेली एक म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "करवंदं पिकलीत वरच्या अंगाला. पोरं तिकडंच जातात." मुलगी वरच्या अंगाला होती. करवंदाच्या जाळीत फ्रॉक अडकला होता, रडून रडून घसा बसला होता.

ऋतू मुलांना ओढून नेतो. मेमध्ये करवंदं, जांभळं, कैऱ्या. पहिल्या पावसात ओहोळात खेकडे. हिवाळ्यात बोरं, चिंचा. गणपतीच्या दिवसांत ढोल वाजत असेल तिकडे, पतंगाच्या दिवसांत वर बघत बघत कुठेही. म्हणून पाड्यावरची पोरं, गुराखी, दूधवाले आणि म्हाताऱ्या बायका यांना आधी विचारा. विशेषतः पोरांना, आणि मोठ्या माणसांपासून दूर नेऊन. त्यांची एक लपायची जागा असते जी आईबापांना ठाऊक नसते. "तुला मी काही बोलणार नाही, तुम्ही खेळायला कुठे जाता तेवढं दाखव," असं म्हटलं की पोरगं हात धरून नेतं.

रांग कशी लावायची

घर, पाणी, ओळखीच्या जागा आणि पायवाटा झाल्या, तरी मूल नाही. मग रान विंचरायचं. इथे नवखे सगळ्यात जास्त चुकतात, कारण हे काम कंटाळवाणं आहे आणि आपण धावायला आलेलो असतो.

पाच ते सात जणांची एक रांग. मधला म्होरक्या, तो दिशा धरतो आणि बोलतो. बाकीचे गप्प. दोन माणसांमध्ये अंतर किती ठेवायचं हे पुस्तकी आकड्यावर ठरवू नका. मुलाच्या कपड्यांच्या रंगाचं दप्तर गवतात ठेवा आणि मागे चालत जा. जिथून ते दिसेनासं होतं तितकी पावलं मोजा. त्याहून जास्त अंतर ठेवायचं नाही, म्हणजे मधली प्रत्येक जागा दोघांच्या नजरेखालून जाते. पावसानंतरच्या घाणेरीत हे अंतर दोन-तीन पावलांवर येतं. वैताग येतो. तरीही तेवढंच ठेवा.

चालताना दर दहा पावलांनी थांबायचं आणि मागे वळून बघायचं. झुडपाच्या पुढून दिसत नाही ते मागून दिसतं. अधूनमधून गुडघ्यावर बसा, मुलाच्या उंचीवर या. उभ्या माणसाला जिथे भिंतीसारखी जाळी दिसते तिथे खालून एक बोगदा असतो, कुत्र्यांनी नाहीतर डुकरांनी पाडलेला. पोर त्यातूनच गेलेलं असतं. मी एकदा बसलो तेव्हा समोर अशी वाट दिसली, आत प्लॅस्टिकची बाहुली, एक फुटका कप, दगडांची चूल. चार पोरींचं घर होतं ते, आईबापांपासून वीस पावलांवर. जाळीत हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी जाती आपल्याकडे आहेत. बूट आणि लांब पँट नसेल त्याला रांगेत घेऊ नका. त्याला चहा करायला ठेवा, तेही काम आहे.

रांगेच्या कडेचा माणूस झाडांना रंगीत पट्टी बांधत जातो. परत फिरताना त्या पट्टीला धरून पुढची रांग. पट्टी नसेल तर चुन्याची चिमूट चालते. आणि तुकडा संपला की म्होरक्याने वहीत लिहायचं: कुठून कुठपर्यंत, किती वाजता, किती जण, काय बघता आलं नाही. शेवटची नोंद सर्वात महत्त्वाची. "नाल्याचा उतार निसरडा होता, खाली उतरलो नाही" असं लिहिणारा माणूस मला "सगळं बघितलं" म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा हवासा वाटतो. सकाळी नवी माणसं येतील तेव्हा त्यांना नेमकं तिथेच उतरवता येतं.

हाक आणि शांतता

ठरलेल्या वेळी, समजा दर दहा मिनिटांनी घड्याळ लावून, सगळ्या रांगांनी एकदम थांबायचं. एकच आवाज हाक मारतो, किंवा एकच शिट्टी. मग पूर्ण एक मिनिट कुणी हलायचं नाही. पाय नाही, फोन नाही, खोकला नाही. पहिल्यांदा करून बघा, एक मिनिट किती मोठं असतं ते कळेल. त्या मिनिटात हुंदका ऐकू येतो, कुत्रं एकाच जागेवर भुंकताना ऐकू येतं, पालापाचोळा वाजतो. आवाज आला तर लगेच धावत सुटू नका. प्रत्येकाने आवाज आला त्या दिशेला हात करून उभं राहायचं. दोन वेगळ्या जागांहून दाखवलेले हात जिथे मिळतात, तिथे जायचं.

हाक आईच्या आवाजात असेल तर उत्तम. तिला रानात नेऊ नका. ती घरी हवी, कारण पोर आपल्या पायाने परत येऊ शकतं. तिचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या, देवळाचा किंवा मंडळाचा स्पीकर मिळाला तर त्यावर लावा. काय बोलायचं ते सांगावं लागतं, नाहीतर ती नुसती रडते. "बाळा, मी रागावणार नाही. आहेस तिथेच बस. दादा लोक येतायत, त्यांना हाक मार." सात-आठ वर्षांचं, मुद्दाम लपलेलं पोर "रागावणार नाही" एवढ्या दोन शब्दांवर बाहेर आलेलं मी पाहिलंय.

अंधार

जूनमध्ये साडेसातपर्यंत उजेड पुरतो, डिसेंबरात सहालाच मावळतं. शोध रात्री थांबवायचा नाही, पण त्याचं रूप बदलायचं. रात्री वाटा, घरं, तबेले, कुंपणाच्या कडा आणि हाक-शांतता. दाट जाळीतली रांग पोलीस आणि वनविभागाचे लोक बरोबर असतील तरच. उरलेल्यांनी वाटांच्या तोंडाशी दिवा लावून बसायचं, म्हणजे पोर बाहेर आलं तर कुणाच्या तरी नजरेला पडेल. नुसतं बसणं हेही शोधणंच आहे. नवख्यांना ते पटत नाही.

बिबट्याचा विचार प्रत्येकाच्या मनात असतो आणि आईसमोर कुणी काढत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीतच, आरेत बिबट्याच्या हल्ल्यात जेमतेम दीड वर्षाची मुलगी गेली. म्हणून १९२६ ला सुरुवातीलाच कळवायचं, "कदाचित लागेल" म्हणून मागे ठेवायचं नाही. तुम्ही स्वतः कधीही एकटे आत जाऊ नका, तीन जण तरी हवेत. बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, त्याला जायला वाट ठेवून उभ्यानेच मागे सरकायचं. वाकून किंवा उकिडवं बसू नका. मगाशी गुडघ्यावर बसा म्हटलं ते दिवसा, रांगेत आणि शेजारचा तुमच्याकडे बघत असताना.

तुमचा ड्रोन घरी ठेवा. विमानतळ जवळ, परवानगीशिवाय उडवणं गुन्हा, आणि दाट झाडीखाली थर्मल कॅमेऱ्यालाही फारसं दिसत नाही.

चप्पल सापडली तर

उचलू नका. हे अंगात भिनवावं लागतं, कारण हात आपोआप जातो. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागेचं लोकेशन टिपा, एक माणूस तिथे उभा करा, पोलिसांना बोलवा. पायाचा ठसा असेल तर त्यावर टोपली किंवा पातेलं उपडं घाला, पाऊस येतो. ठसे बघायला टॉर्च वरून नाही, जमिनीलगत आडवा धरायचा. तिरप्या उजेडात ठशाची कडा सावली टाकते आणि एरवी न दिसणारं पाऊल उठून दिसतं. ठशाच्या लांबीची काडी तोडून घ्या. पुढचा ठसा त्याच पोराचा की पाड्यावरच्या दुसऱ्या कुणाचा, ते त्या काडीवरून कळतं.

फोन, फोटो आणि अफवा

शोधाच्या ग्रुपवर फक्त म्होरके. प्रत्येक रांगेतल्या एकाचं लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी चालू. बाकीच्यांनी बॅटरी वाचवावी.

फोटो पाठवायचा तर त्यावर तारीख, वेळ, अंगावरचे कपडे आणि पोलीस ठाण्याचा नंबर हवाच. बापाचा खाजगी नंबर टाकू नका. रात्रभर त्याला टवाळखोरांचे, खंडणी मागणाऱ्यांचे आणि ज्योतिषांचे फोन येतात. तारीख नसलेला फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो. मला अजून एका मुलाचा फोटो दर पावसाळ्यात येतो. तो आता मिसरूड फुटलेला आहे.

आणि "मुलं पळवणारी टोळी आलीय" असं कुणी टाकलं तर तिथल्या तिथे थांबवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे याच अफवेवरून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारलं. शोधाला जमलेली माणसं थकलेली, चिडलेली असतात, हातात काठ्या असतात. कुणाचा संशय आला तर पोलिसांना सांगा, त्या माणसाला हात लावू नका.

हजेरी

ओट्यावर एक वही, एक माणूस. आत जाणारा प्रत्येक जण नाव, फोन, वेळ लिहून जाईल आणि परत आला की सही करेल. हा शहाणपणा आम्हाला उशिरा सुचला. एकदा मूल रात्री अकराला सापडलं आणि आमच्यातला एक जण दिसेना. पहाटे दोनपर्यंत आम्ही त्याला शोधत होतो. तो दहा वाजताच न सांगता घरी जाऊन झोपला होता, फोन सायलेंटवर. त्याला आम्ही नंतर काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मूल दिसलं

धावू नका, ओरडू नका. एकानेच पुढे जायचं, शक्यतो बाईने, चार पावलांवर बसायचं, घरातल्या नावाने बोलायचं. टॉर्च त्याच्या तोंडावर नको, स्वतःच्या तोंडावर धरा, म्हणजे त्याला माणूस दिसेल. "आई वाट बघतेय" एवढं पुरे. कुठे गेला होतास, कुणी नेलं, असले प्रश्न आपण विचारायचे नाहीत. ते काम पोलिसांचं, आणि दहा जणांनी विचारलेलं असलं की मुलाचं उत्तर बदलत जातं.

श्वास, रक्त, हालचाल बघा. पडलेलं असेल तर मान-पाठ हलवू नका, १०८ येऊ द्या. भिजलेलं असेल तर ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. आपल्याकडच्या पावसातही रात्रभर भिजलेलं लहान अंग गारठतं. शुद्धीवर असेल तर पाणी घोटघोट. साप चावल्याची शंका असेल तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं काहीही नाही. अवयव हलू न देता उचलून थेट मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात. वरवर ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरला दाखवायचंच.

सापडल्याची बातमी फक्त म्होरक्याने द्यायची, आणि आधी पोलिसांना व आईला. बापाला ग्रुपवरून कळलेलं मी पाहिलंय, वाईट वाटतं. सेल्फी नको. मुलावर काही अत्याचार झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर त्याची ओळख पसरवणं गुन्हा आहे. शोधता शोधता दुसरंच एखादं एकटं मूल भेटलं तर त्यालाही सोडून पुढे जायचं नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांना किंवा १०९८ ला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

कधी मूल जिवंत सापडत नाही. तेव्हा काहीही हलवू नका, अंगावर काही पांघरू नका, थोडं मागे सरा, इतरांना अडवा, पोलिसांना बोलवा. आईकडे बातमी घेऊन तुम्ही जायचं नाही.

गावी असाल तर

मे महिन्यात, गणपतीत आपण सगळे गावी असतो आणि शहरातली पोरं तिथे जास्त हरवतात, कारण त्यांना वाटा माहीत नसतात. पद्धत हीच. फक्त ११२ बरोबर पोलीस पाटलाला उठवा. त्याला कुठली विहीर उघडी आहे, कुणाचा कुत्रा मोकळा असतो, हे ठाऊक असतं. ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू असलेल्या गावांत एका फोनवर सगळ्या गावाला निरोप जातो. ती तुमच्या गावात आहे का, ते सुट्टीच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

मूल घरी पोहोचलं की वहीतल्या सगळ्या नावांसमोर सह्या झाल्यात का बघा. सगळ्या ग्रुपवर "सापडलं, फोटो काढून टाका" असा एकच निरोप, तारखेसकट. भिंतीवर चिकटवलेले कागद फाडायचे. दुसऱ्या दिवशी उजेडी दोघांनी रानात जाऊन पट्ट्या सोडून आणायच्या. प्लॅस्टिक असतं, शेळ्या खातात.